खांदा फिटरकाकांचा, जोर माझा

मी ड्रिल बोलतोय. खरं सांगायचं तर अर्धं ड्रिल. माझी मूठ करवतीने कापली गेली, बॅटरी केव्हाच भंगारात गेली. आता पोटात मोटर, तिच्यापुढे गिअर आणि तोंडाशी तीन जबड्यांचा चक, एवढाच काय तो मी शिल्लक आहे. पण हळहळू नका. अख्खा होतो तेव्हा मला कुत्रंही विचारत नव्हतं. अर्धा झालो आणि घरात माझी वट वाढली.

सध्या माझा मुक्काम एका घराच्या मागच्या खोलीत आहे, मिलिंग मशीनच्या उजव्या अंगाला. फिरत्या कटरखालून लोखंडाचा तुकडा सावकाश सरकवायचा आणि हवा तसा तासून घ्यायचा, हे या मशीनचं काम. तुकडा ज्या टेबलावर पकडलेला असतो ते टेबल पूर्वी माणूस हँडल फिरवून सरकवायचा. आता ते मी सरकवतो.

माझा जन्म कारखान्यातला. एकाच दिवशी, एकाच चेहऱ्याची आम्ही शेकडो भावंडं. दुकानात मला घ्यायला आले ते या घरचे जावईबापू. त्यांना पडद्याची एक दांडी लावायची होती. त्यांनी मला हातात धरलं, हवेत दोनदा रोखलं आणि ट्रिगर दाबून घुर्र केलं. ड्रिल घेणारा प्रत्येक पुरुष हे करतो. त्या घडीला त्याला वाटतं, आता घरातलं सगळं आपणच दुरुस्त करणार.

चार वर्षांत जावईबापूंनी माझ्याकडून अकरा भोकं पाडून घेतली. त्यातली चार गरजेची होती. उरलेल्या सातांवर एक कॅलेंडर आणि तीन फोटो टांगून त्यांनी पांघरूण घातलं. मग माझी बॅटरी बसली, तसली नवी मिळेना, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे शेजारी पोट कमी करायचं यंत्र होतं. ते माझ्याही आधी आलेलं, आणि त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

एके दिवशी सासूबाई आल्या. त्या शिवणकाम करतात, सगळे त्यांना काकू म्हणतात. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी सरळच विचारलं, "जावईबापू, ते तुमचं ड्रिल वापरता का हो?"

"वापरतो की. म्हणजे, लागतं अधूनमधून."

"मग आहे कुठे?"

ते काही जावईबापूंना सांगता येईना. अर्ध्या तासाने मी सापडलो. काकूंनी माझ्यावरची धूळ पुसली आणि अस्तराच्या कापडात गुंडाळून मला पिशवीत घातलं.

काकूंना माझी गरज का पडली, ते मला त्यांच्या घरी पोचल्यावर कळलं. त्यांचे यजमान म्हणजे फिटरकाका. उभी हयात कारखान्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी हे मिलिंग मशीन घरात आणून बसवलं. आता ते मशीन विकायला निघाले होते. रविवारी सकाळी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. "कंटाळा आला," असं काका सगळ्यांना सांगत होते. "किती दिवस लोखंड खरवडायचं? आता आराम."

माणूस आरामाचं नाव काढतो तेव्हा त्याचा चेहरा कसा असतो, ते मी जावईबापूंच्या घरी पुष्कळ पाहिलं होतं. काकांचा चेहरा तसा नव्हता. मशीनवर शेजाऱ्यांच्या फाटकाची बिजागरी अर्धवट तासून कित्येक महिने पडली होती. शेजारी बिचारे फाटक दोरीने बांधत होते आणि भिडेपोटी विचारत नव्हते. काका रोज खोलीत यायचे, मशीनला तेल द्यायचे, टेबल फडक्याने पुसायचे आणि जायचे. हँडलला मात्र हात लावायचे नाहीत. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला हँडलचे एकशेवीस फेरे लागतात, आणि काकांचा उजवा खांदा धरला होता. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

काकूंनी मला त्यांच्यापुढे ठेवलं. "याचं काही होतंय का बघा."

"हे? हे खेळणं आहे," काका म्हणाले.

दुपारी काकू आडव्या झाल्यावर त्यांनी हळूच मला उघडलं. गिअर बोटाने फिरवून पाहिले, चष्मा वर करून पाहिले, चष्मा खाली करून पाहिले. "अरे," ते पुटपुटले, "हा तर चांगल्या घरचा निघाला." इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललं ते हे पहिल्यांदा.

मग तीन दिवस काकांना भूक आठवत नव्हती. माझी मूठ त्यांनी डाव्या हाताने, थांबत थांबत कापली. जाड अॅल्युमिनियमच्या पट्टीवर मला मशीनशी बसवलं आणि टेबल सरकवणाऱ्या लांब स्क्रूचं टोक माझ्या चकमध्ये दिलं. विजेची सोय एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर केली. ट्रिगर दाबला आणि मी टेबल ओढलं. त्या लोखंडी धुडाला मी हलवलं, यावर माझाच विश्वास बसेना.

पण काकांनी तो ट्रिगर बसवला होता उजव्या हाताच्या उंचीवर! चाळीस वर्षांची सवय ती. कट, म्हणजे तासण्याची एक फेरी, संपेपर्यंत हात उचलून धरायचा, म्हणजे आगीतून फुफाट्यात. दोन मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात काकू दारात आल्या. हातात त्यांच्या जुन्या शिलाई मशीनचं पेडल होतं.

"ट्रिगर याच्यात बसवा," त्या म्हणाल्या. "पायाने चालवा. मी जन्मभर तेच करतेय."

"हाताला काय झालंय माझ्या?"

"अहो, लोकांची मापं घेण्यात माझं आयुष्य गेलं. तुमचा खांदा वर जात नाही, हे मला कळणार नाही? गेल्या थंडीपासून शर्ट घालताना तुम्ही उजवी बाही आधी चढवता. आधी डावी चढवायचात."

काकांनी काकूंच्या हातातून पेडल घेतलं.  मग म्हणाले, "तुला माहीत होतं, तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. मग रविवार जवळ आला."

मला तेव्हा दोघांचाही राग आला आणि दोघांबद्दल मायाही वाटली. एकाच घरात, ताटाला ताट लावून बसून दोन माणसं एक खांदा एकमेकांपासून लपवत होती.

पेडल बसलं. आता माझ्या एका खोडीबद्दल सांगतो. माझ्या गळ्यात आकड्यांचं एक कडं आहे. जोर फार लागला की आतला क्लच घसरतो आणि मी करकर करत जागच्या जागी फिरतो. कडं शेवटच्या खुणेवर नेलं की घसरणं बंद, मग काही झालं तरी मी ढकलतच राहतो. शनिवारी काकांनी खोल कट घेतला आणि मी घसरलो. काकांना माझीच लाज वाटली. "गिऱ्हाइकासमोर असा घसरलास तर काय अब्रू राहील?" असं म्हणत त्यांनी कडं शेवटच्या खुणेवर नेलं. अहो, विकायच्या मशीनची एवढी अब्रू कशाला, असं मला विचारायचं होतं. पण आम्हाला कोण बोलू देतं!

कट छान चालला होता. काका खूष होऊन काकूंना हाक मारायला मागे वळले, आणि पाय पेडलवरच राहिला. टेबल टोकाला जाऊन टेकलं. मला थांबता येईना. मी ढकलत राहिलो, आणि कडाड आवाज होऊन दोन बोल्ट तुटले, पट्टी वाकली, मी लोंबकळलो.

काका स्टुलावर बसले. "जाऊ दे," ते म्हणाले. "उद्या मशीन देऊन टाकू गिऱ्हाइकाला."

काकू आल्या, त्यांनी वाकलेली पट्टी पाहिली, मग माझं कडं पाहिलं. "हे काय असतं?"

काकांनी सांगितलं.

"म्हणजे माझ्या मशीनच्या पट्ट्यासारखं. जाड कापड आलं की तो घसरतो. नाही घसरला तर सुई तुटते. मी कधी पट्ट्याला नावं ठेवली का? तुमचंही तेच झालंय. वेळेवर 'दुखतंय' म्हणाला असतात, तर खांदा एवढा धरला नसता."

 काका हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत पट्टी सरळ झाली, नवे बोल्ट लागले. कडं सातवर ठेवलं आणि कट निम्मा केला. मी एकदाही घसरलो नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं, एका छोट्या वर्कशॉपचे मालक. बिजागरीवर शेवटचा हात फिरत होता. टेबल आपोआप सरकताना बघून ते म्हणाले, "वा! हे तर मी आजच नेतो. पण इतकं सुरेख चालतंय, तर विकताय कशाला?"

काकांनी पेडलवरून पाय काढला.  काकू दारातच थांबल्या होत्या.

"खांदा गेलाय माझा," काका म्हणाले. "हँडल फिरवता येत नव्हतं. सांगायची लाज वाटली, म्हणून विकायला काढलं. मशीन द्यायचं नाहीये मला. तुम्हाला फुकट हेलपाटा पडला, माफ करा."

 मालक आपली कंबर चाचपत म्हणाले, "मलाही माझ्या लेथ मशीनपुढे उभं राहवत नाही हो. घरी बोललो नाहीये अजून." त्या दिवशी ते दोन तास बसले, आणि दोघांनी मिळून आपापल्या दुखण्यांची यादी केली.

दुसऱ्या दिवशी काकू काकांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तेव्हापासून काका रोज सकाळी भिंतीवर बोटं चालवत उजवा हात वर नेतात. जिथवर पोचतो तिथे काकू कापडावरच्या खडूने रेघ मारतात. सगळ्यात वरची रेघ त्यांनी पहिल्याच दिवशी मारून ठेवली होती, काकांचा हात पूर्वी जाई तिथे.

मी त्या रेघा रोज बघतो. खांदा बरा झाला की काका हँडल फिरवतील, मग माझं काय काम? माळा आठवून मोटर गार पडते. तरी खरं सांगतो, हात वर जावा असंच मला वाटतं. तुम्हालाही एवढंच सांगणं आहे, तुमच्या माळ्यावर माझं एखादं भावंड असेल तर त्याला खाली काढा. आणि कुठे दुखत असेल तर बोला.

काल हात वरच्या रेघेला टेकला. काकू टाळ्या वाजवत आत पळाल्या. काका मशीनपाशी आले, माझा चक सैल केला, हँडल धरलं आणि मोजून वीस फेरे फिरवले. मग थांबले, खांदा चोळला, आणि कुणी न विचारताच मोठ्याने म्हणाले, "दुखतंय बुवा थोडं."

त्यांनी चक पुन्हा आवळला आणि पेडलवर पाय ठेवला. उरलेले शंभर मी फिरवले.