जातो म्हणायचं नाही

गुंडोअप्पांच्या घरात ‘जातो’ हा शब्द कुणी काढायचा नाही, असा त्यांच्या बायकोचा, गोदूबाईंचा दंडक होता. कोपऱ्यावर दूध आणायला निघालेला माणूसही ‘येतो’ म्हणूनच उंबरा ओलांडायचा. तशी ही रीत सगळ्याच मराठी घरांत असते, मग घर कन्नड मुलखात का असेना. पण अप्पांच्या पोटातल्या कॅन्सरपुढे डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी घेऊन जा म्हणून सांगितलं, तेव्हापासून गोदूबाई अगदी फौजदार झाल्या होत्या. ‘जाऊन येते’ म्हणणारी कन्नड शेजारीणसुद्धा त्यांच्यासमोर त्यातलं ‘जाऊन’ गिळून टाकायची.

आणि नेमकं याच दिवसांत त्यांच्या लेकीला, सौम्याला, ‘जाणे’ शिकावं लागलं. ती बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात नोकरीला होती, तिथे स्पेनहून यंत्रं यायची होती आणि सोबत तिथली माणसं. मॅनेजरसाहेबांनी तिला संध्याकाळच्या स्पॅनिश वर्गाला धाडलं. शिकवायला कृष्णमूर्ती नावाचे मास्तर होते. त्या दिवशीचं क्रियापद होतं ‘इर’, म्हणजे जाणे. निरोप घेऊन दाखवा म्हटल्यावर सौम्या उठली आणि सवयीनं, ‘येते’ला जो स्पॅनिश शब्द होता तो बोलून मोकळी झाली. असं म्हणून निघालात तर तिकडचे लोक खुर्ची पुढे करतील, असं मास्तर म्हणाले आणि वर्ग हसला. ‘मे वोय’ म्हणा, म्हणजे ‘मी जाते’. एवढंच म्हणायचं होतं, पण तिच्या तोंडून काही केल्या ते निघेना. घरी अंथरुणावर पडलेला बाप डोळ्यांसमोर आला आणि भर वर्गात तिला रडू कोसळलं.

घरी आल्यावर अप्पांनी, आज काय शिकलीस, म्हणून विचारलं. जन्मभर सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. पोटात आगडोंब उसळलेला असतानाही नवा शब्द कानावर पडला की मान वळवायचा. सौम्यानं उशाशी बसून सांगितलं. तिकडे कुणी हाक मारली की आपण ‘आले’ म्हणतो तिथे ते ‘वोय’, जाते, म्हणतात. आता जेवणार आहे हे सांगायलाही ‘जेवायला जाते’ असंच म्हणतात. आणि निरोप घेताना सरळ ‘मे वोय’.

“कुणी रागावत नाही?” अप्पांनी विचारलं.

“नाही अप्पा. सरी, बरं, म्हणतात आणि निरोप देतात.”

अप्पांचे हाल सौम्याला दिसत नव्हते असं थोडंच होतं? औषधानं कळ थांबत नव्हती, घोटभर पेज पोटात ठरत नव्हती. मागं एकदा ते बायकोला म्हणाले होते, गोदू, आता मी जातो. गोदूबाईंनी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला होता, मठातून आणलेल्या मंत्राक्षता डोक्यावर टाकल्या होत्या आणि पुन्हा असं बोलणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. तेव्हापासून ते गप्प होते. सौम्याही मनातून आईच्याच बाजूची होती. अप्पा नसलेलं घर तिला कल्पनेतसुद्धा सोसत नव्हतं. ती रोज देवापुढे हात जोडून एकच मागायची, आजचा दिवस निभू दे. त्या निभलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत अप्पा मोजत होते, हे कळत असूनही मागायची.

गुरुवारी दुपारी अप्पांचं कण्हणंही थकलं. पाण्याचा चमचा ओठांवरूनच ओघळला. त्यांनी सौम्याचं मनगट धरलं.

“मे वोय, सौम्या,” ते म्हणाले. शपथ न मोडता.

स्वयंपाकघरातून गोदूबाई हात पुसत धावत आल्या. “काय म्हणाले गं ते?”

पाणी मागतायत म्हणून थाप मारता आली असती, आणि ती सौम्याच्या जिभेवर आलीही होती. पण अप्पा तिच्याकडे टक लावून बघत होते.

“अम्मा, अप्पा जातो म्हणतायत.”

गोदूबाईंचा हात वर झाला, या खेपेला लेकीच्या तोंडाकडे. सौम्यानं तो मधेच धरला.

“त्यांना निरोप हवाय, अम्मा. तुझ्याकडून.”

गोदूबाई कॉटवर बसल्या, नवऱ्याच्या छातीवरचं पांघरूण सारखं केलं, आणि संसारात कधी न उच्चारलेला शब्द त्यांनी उच्चारला.

“सरी. जा तुम्ही.”

अप्पांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. मनगटावरची त्यांची पकडही सुटत चालली. आणि इतका वेळ धीर धरलेल्या सौम्यानं तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.