चार दारांचा मोगरा

चैत्र सरत आला होता. आंब्याच्या गर्द छायेतून ऊन तुकड्यातुकड्यांनी उतरत होतं, लाल चिऱ्याच्या भिंती तापून मंद उसासे टाकत होत्या, आणि पश्चिमेकडून, दूरच्या खाडीवरून, खारट, ओलसर, आळसावलेला वारा येत होता. तो अंगणातून ओटीवर चढे, ओटीवरून माजघरात शिरे, आणि मागल्या दाराने विहिरीकडे निघून जाई. रोज दुपारी त्याची ही एकच वाट होती.

आज मात्र वारा मोगऱ्याने माखला होता. शुभ्र, सुस्नात, मदमधुर मोगरा. ओटीच्या दाराला मोगरा, देवघराच्या दाराला मोगरा, स्वयंपाकघराच्या दाराला मोगरा, विहिरीच्या दाराला मोगरा. माजघराच्या चार दारांना चार माळा होत्या, आणि चारही कुंदाने गुंफल्या होत्या.

कुंदा या घरात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सांगलीहून तिची आई आज पहिल्यांदाच लेकीचं घर पाहायला येणार होती, आणि कुंदाचा नवरा मुकुंद तिला आणायला एस.टी. स्टँडवर गेला होता. आई घर डोळ्यांनी बघायच्या आधी नाकाने बघेल, हे कुंदाला पक्कं ठाऊक होतं. उंबऱ्यावरच ती थांबेल, एक दीर्घ श्वास घेईल, आणि लेक सुखात आहे की नाही ते तिथेच ठरवून टाकेल.

म्हणून पहाटेपासून कुंदा झटत होती. तिने जळमटं काढली, जमीन सारवली, गाद्या उन्हात टाकल्या, तांब्याच्या घंगाळात लिंबाची सालं उकळली. कोंदट, कुबट, कालचं असं काही उरू द्यायचं नाही, असा तिने चंगच बांधला होता. आणि पुसता पुसता, दारांच्या चौकटींवर, हाताला लागतील अशा उंचीवर, तिला चार पुरचुंड्या सापडल्या. धुळीने राखाडी, धुराने काळपट झालेल्या.

त्या तिच्या सासूने बांधलेल्या होत्या. सासू गेल्या श्रावणात वारली. कुंदाने तिला पाहिलंही नव्हतं. फक्त ऐकलं होतं, की रमाकाकूंच्या घरात पाऊल टाकलं की जीव प्रसन्न होई. एका पुरचुंडीत वाळका दवणा होता, एकीत धूप, एकीत वाळा. जुनं झालं, विटलं, असं म्हणून कुंदाने त्या तिन्ही विहिरीपलीकडच्या गायरीत, शेणाच्या ढिगावर, फेकून दिल्या. चौथीत वेखंड होतं, उग्र, डोक्यात जाणारं. ते तिने सरळ बंबात घातलं.

आणि माळा बांधल्या. वर्षानुवर्षं चार वासांनी राखलेल्या चार दारांना तिने एकच वास दिला. आणि किती प्रेमाने दिला.

घरात तिसरं माणूस होतं ते तिचे सासरे, सदुअण्णा. बारा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली, मग डावा कानही गेला. पण चालणं असं राजस, असं निःशंक, की नवख्याला कळूही नये. अण्णा प्रत्येक दाराशी क्षणभर थबकत, हनुवटी किंचित उचलत, आणि मग पाऊल टाकत. ती म्हाताऱ्या माणसाची ऐट आहे असं समजून कुंदा मनातल्या मनात हसत असे.

ऐट नव्हती ती. डोळे विझू लागले तेव्हा रमाकाकूंनी नवऱ्याला नाकाने घर शिकवलं होतं. दवणा म्हणजे ओटी आणि झोपाळा. धूप म्हणजे देव. वाळा म्हणजे पाट-पाणी. आणि वेखंड म्हणजे थांबा, पुढे विहीर. गावभर वाहवा झाली ती काकूंच्या सुगंधी घराची. त्या सुगंधाला धरून एक माणूस चालतो आहे, हे काकूंनी कुणाला सांगितलं नाही, आणि अण्णांनी तर स्वतःच्या मुलालाही कळू दिलं नाही. आंधळा म्हणवून घ्यायची त्यांना फार लाज वाटे.

दुपारी जेवताना अण्णा म्हणाले, "आज सगळीकडे मोगराच मोगरा गो."

"आवडला, मामंजी?" कुंदाने त्यांच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं.

भाताचा घास हातात तसाच राहिला. पोरीने सकाळपासून केलेली धावपळ त्यांनी ऐकली होती. तिची आई येणार, हेही ठाऊक होतं. "छान आहे हो," ते म्हणाले. "घर कसं नवं वाटतं."

किती सभ्य होतं ते वाक्य, आणि किती घातक. कुंदा आनंदाने लाल झाली.

जेवण झालं. गादी उन्हात होती म्हणून तिने अण्णांना चटई घालून दिली, रोजच्या जागेपासून जरा अलीकडे, आडवी. ते निजले. ती फाटकाशी जाऊन उभी राहिली, रस्त्याकडे डोळे लावून.

मग वारा पडला. पान हलेना, सावली हलेना. खाडीवरून येणारी ती रोजची वाट मध्येच कुठेतरी तुटली. बंद, निश्चल, पांढऱ्या उष्म्यात मोगरा फुगत गेला आणि माजघर काठोकाठ भरलं.

अण्णा जागे झाले ते या शुभ्र पुरात. उजवीकडे हनुवटी उचलली, मोगरा. डावीकडे, मोगरा. समोर, मोगरा. मागे, मोगरा. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना खरंखुरं आंधळं झाल्यासारखं वाटलं. हाक मारावी असं वाटलं, पण सुनेला काय सांगायचं? माझंच घर मला सापडत नाही म्हणून? ते उठले, भिंत चाचपत एका दाराशी आले, उंबरा ओलांडला. ओटीचा गार कोबा लागेल म्हणून टाकलेलं पाऊल वाळक्या पाचोळ्यावर पडलं.

ते परत वळले. निदान त्यांना तसं वाटलं.

फाटकाशी उभ्या कुंदाने उगीचच मागे वळून पाहिलं. तिला चटई रिकामी दिसली. आणि चटईपलीकडे मागलं दार उघडं दिसलं, त्यात हिरवा, चौकोनी, भयाण उजेड.

ती धावली. पायरीशी येऊन थिजली.

विहिरीला कठडा नव्हता. यंदा बांधू, असं मुकुंद दर वर्षी म्हणे. पाणी ओढायला एक अरुंद काळी शिळा पोकळीवर पुढे आलेली होती, शेवाळाने गुळगुळीत झालेली, आणि तिच्यावर अण्णा उभे होते. तळपायांना खालून गारवा लागत होता, म्हणजे आपण कुठे आलो ते त्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते एवढंच, की पाणी कुठल्या बाजूला आहे. हात दोन्हीकडे पसरलेले, बोटं हवा चाचपत होती. कुंदाला भयाने रडूही येईना.

हाक मारावी? हाक कुठून आली ते अण्णांना कधी कळत नसे. ते नेहमी उजव्या कानाच्या बाजूला वळत, आणि उजवीकडे पाणी होतं. जाऊन धरावं? स्पर्शाने ते दचकतील, आणि त्या शिळेवर दचकायला वीतभरही जागा नव्हती. अण्णांच्या टाचेखालून एक खडा सुटला. कुंदा श्वास रोखून ऐकत राहिली. फार वेळाने, फार खोलवर, पाणी वाजलं.

आणि अण्णांनी हनुवटी उचलली. तीच हनुवटी. दाराशी थबकणारी, ऐटबाज वाटणारी. ते वास शोधत होते. सकाळपासूनचं सारं एकदम कुंदाच्या डोळ्यांपुढे आलं. त्या पुरचुंड्या, ती हाताला लागणारी उंची, घास हातात धरून बोललेलं ते वाक्य. मी या माणसाचे डोळे शेणात फेकले, असं तिला वाटलं, आणि ती गायरीकडे पळाली.

शेणात कोपरापर्यंत हात घातले. धुपाची पुरचुंडी आली, ती टाकली. वाळ्याची आली, टाकली. मग दवणा सापडला, ओटीच्या दाराचा, रोज अण्णांना झोपाळ्याकडे नेणारा. ती विहिरीच्या अलीकडे, दाराच्या पायरीवर येऊन उभी राहिली, वाळकी पानं दोन्ही तळव्यांत चुरडू लागली. चुरडत राहिली. दवण्याचा तो कडवट, हिरवा, आदिम गंध तिच्या तळव्यांतून उमलला आणि तिथेच उभा राहिला. वारा नव्हता.

"ये," ती पुटपुटली. "ये रे बाबा. रोज येतोस ना?"

पान हलेना. अण्णांचा उजवा पाय शिळेच्या कडेशी सरकला, थांबला, पुन्हा सरकला. कुंदा चुरडतच राहिली. तळवे सोलून निघाले तरी तिला ते कळलं नाही.

आणि मग ओटीवरचा झोपाळा करकरला. एक कडी हलली. माजघरातून, चार माळांना झुलवत, तिचे सुटलेले केस पुढे उडवत, खाडीवरचा वारा आला. तिच्या तळव्यांवरून गेला. विहिरीकडे गेला.

अण्णांची हनुवटी थबकली. मान डावीकडे वळली, पाण्यापासून दूर, घराकडे. "दवणा," ते म्हणाले. आणि एक पाऊल टाकलं, मग दुसरं, मग पाचोळा वाजला, मग तिसरं. कुंदाने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

दोघं पायरीवर बसली.

"मला सांगायचं तरी," अखेर कुंदा त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाली. "मामंजी, मला सांगायचं तरी."

"अगो, तू हौसेने केलं होतंस," अण्णा म्हणाले.

ती उठली. ओटीच्या दाराला उरलासुरला दवणा बांधला, देवघराला धूप, स्वयंपाकघराला वाळा. शेणाचे हात, शेणाच्या पुरचुंड्या, पण तिला आता त्याची तमा नव्हती. तिन्ही दारांच्या माळा तिने उतरवल्या. चौथ्या दाराशी मात्र हात अडला. वेखंड सकाळीच बंबात जळून गेलं होतं.

"तिथला राहू दे मोगरा," मागून अण्णा म्हणाले. "आता तो मी विसरायचा नाही."

फाटक वाजलं. आई आली, उंबऱ्यावर थांबली, एक दीर्घ श्वास घेतला. "किती सुरेख वास आहे गं तुझ्या घराला," ती म्हणाली. कुंदा हसली, आणि सोललेले तळवे तिने पदराखाली लपवले.

पुढे कठडा बांधला गेला, त्याच आठवड्यात. पुढे बाजारातून वेखंडही आलं. तरी दर चैत्रात, हौसेने, मुकुंद तिच्यासाठी गजरा आणतो. टपोरा, शुभ्र, सुस्नात. ती तो ओंजळीत घेते, केसांत माळत नाही. माजघर ओलांडून जाते, मागल्या दाराच्या चौकटीला बांधते. मग वारा येतो खाडीवरून, गजऱ्याला हलवतो, आणि काळ्या, खोल, शांत पाण्याकडे निघून जातो.