चारशे सतरा डागांचा स्फटिक

माझ्या पोटातल्या एक घन मिलिमीटर जागेत चारशे सतरा डाग होते. आयलेनने ते तीनदा मोजले. पहिल्यांदा चारशे एकोणीस आले, दुसऱ्यांदा चारशे सतरा, तिसऱ्यांदा पुन्हा चारशे सतरा. पहिल्या खेपेला दोन डाग दोनदा मोजले गेले होते, असे तिने वहीत लिहून ठेवले.

मित्रांनो, तो डागी स्फटिक मीच. लिथियम फ्लोराइडचा, खडीसाखरेच्या मोठ्या खड्याएवढा, आता बऱ्यापैकी जुना.

माझा जन्म बारिलोचे गावातल्या एका भट्टीत झाला. साडेआठशे अंशांवर वितळलेल्या रसात स्फटिकाचा एक बारीक तुकडा बुडवला आणि तो इतक्या सावकाश वर ओढला की मला घडायला चार दिवस लागले. एका उपकरणाची खिडकी म्हणून माझी निवड होणार होती. पण तपासणाऱ्याने माझ्यावर निळा प्रकाश टाकला, आत तांबडे ठिपके चमकले, आणि त्याने माझ्या डबीवर ‘डागी’ असे लिहून मला खणात टाकले. सात वर्षे मी रबरबँड आणि वाळलेल्या पेनांच्या सोबतीने काढली. माझ्या नितळ भावंडांना कामे मिळाली. मला वाईट वाटले, हे लपवत नाही.

हे डाग म्हणजे काय, ते सांगतो. माझ्या आत अणू कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारखे रांगेत असतात. एखाद्या अणूला धक्का बसून तो रांगेतून निसटला की त्याची जागा रिकामी होते आणि तिथे एखादा इलेक्ट्रॉन येऊन बसतो. अशा दोन रिकाम्या जागा शेजारी आल्या की निळ्या प्रकाशात तिथे तांबडा ठिपका दिसतो. या एवढ्याशा घनात अणू किती? एकावर वीस शून्ये. त्यांतल्या चारशे सतरा ठिकाणी खोट!

आता आयलेन हुएंचुल माझ्या आयुष्यात कशी आली, ते ऐका. ती डॉक्टर ब्रुन्योली यांच्या हाताखाली संशोधन करत होती. विश्वातले बहुतेक द्रव्य दिसतच नाही, त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. त्याचे कण फार हलके असतील तर मोठ्या उपकरणांना त्यांची चाहूलही लागणार नाही. असा कण फार तर एका अणूला रांगेतून ढकलेल. म्हणजे एक नवा डाग पडेल. आयलेनला हे डाग मोजायचे होते, आणि त्यासाठी तिने खणातून मला उचलले.

“अगं, या डागीवर नवा डाग कसा दिसणार?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मळक्या सदऱ्यावर शाईचा थेंब शोधणार आहेस?”

“मळ कुठेकुठे आहे याचा नकाशा काढला की दिसेल, डॉक्टर.”

“त्यापेक्षा नितळ तुकडा घे ना सरळ.”

“नितळ तुकड्यात मी नेमक्या त्याच घनाकडे परत कशी येऊ? तिथे खूणच नाही. याचे जुने डाग म्हणजे वाटेवरचे खुणेचे दगड आहेत. एकदा पाठ झाले की अंधारातही रस्ता चुकणार नाही.”

मित्रांनो, त्या दिवशी माझी मान ताठ झाली. स्फटिकाला मान नसते, पण तुम्ही समजून घ्या.

कृष्णद्रव्य शोधायचे तर आधी बाकीचा गोंगाट बंद व्हायला हवा. आकाशातून सतत किरण बरसत असतात, त्यांनीही डाग पडतात. म्हणून आयलेनने मला पातागोनियातल्या एका जुन्या लोखंडाच्या खाणीत, तीनशे नव्वद मीटर खाली नेले. तिथे शिशाच्या जाड पेटीत मी बसलो. दमटपणा आणि खडकातून निघणारा किरणोत्सारी वायू आत येऊ नये म्हणून पेटीत कोरडा नायट्रोजन सोडलेला असे. खाणवाल्यांनी ते भुयार मार्चअखेरपर्यंत दिले होते. नव्वद दिवसांत नवे डाग पाचाच्या आत राहिले, तर ही जागा पुरेशी शांत आहे असे ठरणार होते आणि भुयार पुढची पाच वर्षे प्रयोगशाळेला मिळणार होते. नाहीतर पाणी उपसणारे पंप बंद होणार, भुयार बुडणार आणि आयलेनची चार वर्षांची मेहनतही त्यातच जाणार.

खाली माझी देखभाल एपिफानियो करत असे. माणसांना खाणीत नेणारा-आणणारा पाळणा एकतीस वर्षे वरखाली करणारा हा माणूस. सगळे त्याला फानोकाका म्हणत. दर सोमवारी तो पेटीचे बाहेरचे झाकण उघडून नायट्रोजनची नळी बघायचा.

“काय म्हणतोय तुझा खडा?” तो आयलेनला चिडवायचा. “अजून मुकाच? माझी सासू याच्यापेक्षा पुष्कळ बोलायची.”

“बोलला तर पंचाईत होईल, काका. त्याने गप्प राहावं म्हणूनच तर इथे आणलाय.”

एक डिसेंबरला नव्वद दिवस भरले. खाणीच्या तोंडाशी सूक्ष्मदर्शकाची खोली होती. काळ्या कापडात गुंडाळून मला तिथे नेले. आयलेनने तीनदा मोजले. चारशे अठ्ठावन्न. एकेचाळीस नवे डाग.

डॉक्टरबाईंनी वहीतल्या तिन्ही मोजण्या बोट फिरवून पुन्हा तपासल्या. “पाच म्हटलं होतं ना गं आपण,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आयलेन सामान आवरायला खाली आली. मी काळ्या कापडात तिच्या खिशात होतो, म्हणून पुढचे सगळे मी ऐकले आहे. फानोकाकाने तिला खोक्यावर बसवले, भोपळ्याच्या वाटीत माटेची, म्हणजे तिकडच्या चहाची, पाने भरली, त्यावर गरम पाणी ओतले आणि धातूची नळी लावून वाटी तिच्या हातात दिली.

“घे. रडायचं असेल तर आधी पिऊन घे. रिकाम्या पोटी रडू नये.”

ती प्यायली. मग तिने पुडीतली चिमूटभर कोरडी पाने उचलून बोटांत चुरली. ती कुरकुर वाजली.

“काका, इथे बिस्किटं तासाभरात मऊ पडतात. तुमची पानं इतकी कोरडी कशी?”

“युक्ती आहे!” फानोकाका खूश झाला. “तुझ्या शिशाच्या पेटीत ठेवतो ना. बाहेरच्या झाकणाखालच्या कप्प्यात. आत काय सुंदर कोरडी हवा आहे! सोमवारी जुनी पुडी काढायची, नवी किलोची ठेवायची. राजासारखी राहतात.”

आयलेनने बोटांतला चुरा पुडीत परत टाकला. मग ती अशी हसत सुटली की काकाच घाबरला.

“काका, माटेत पोटॅशियम असतं. केळ्यात असतं, बटाट्यात असतं, आपल्या अंगातही असतं. त्यातून थोडे किरण निघतात. माणसाला त्याचं काही नाही. पण या खड्याला...”

काकाने हातातली किटली खाली ठेवली. “म्हणजे मी केलं हे?”

“तुम्ही नाही. किलोभर पानांनी. आणि झाकणाखाली काय ठेवायचं नाही ते मी कुणाला सांगितलंच नव्हतं. चूक माझ्या वहीत जाईल.”

तिने नुसते म्हणून सोडून दिले नाही. पुडी मोजणीयंत्रासमोर ठेवली आणि दिवसभर किरण मोजले. त्यावरून माझ्या घनात नव्वद दिवसांत किती डाग पडायला हवेत, याचा हिशेब केला. उत्तर आले अडतीस, सहा इकडे किंवा सहा तिकडे. म्हणजे एकेचाळीस डागांचा दोष पानांचाच होता, जागेचा नव्हे.

“आता याला भट्टीत घाल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सगळे डाग जातील. कोऱ्या पाटीवर सुरू कर.”

“पाटी कोरी झाली की खुणाही जातील, डॉक्टर. नवा नकाशा काढेपर्यंत मार्च संपेल. एकेचाळीस नवे डाग कुठे आहेत ते मला माहीत आहे. सुरुवात चारशे अठ्ठावन्नपासून करू.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. “तुझ्या खड्याइतकीच हट्टी आहेस,” त्या म्हणाल्या आणि परवानगीच्या कागदावर सही केली.

वीस डिसेंबरला पुन्हा मोजले, चारशे अठ्ठावन्नच होते, आणि मी परत पेटीत गेलो. फानोकाकाने पाळण्याच्या दाराला पाटी लावली: ‘पाने, केळी, बटाटे आणि उपदेश वर ठेवून खाली यावे.’ स्वतःची पुडी त्याने बिस्किटांच्या डब्यात घालून पाळण्याच्या गरम मोटारीवर ठेवली. एकदा खाणीचा मुख्य इंजिनियर हातात वाटी घेऊन भुयारात शिरत होता.

“साहेब, ती वाटी!”

“अहो, दोन घोट तर आहेत.”

“दोन घोटांचेही डाग पडतात. वर पिऊन या. पाळणा थांबवून ठेवतो.”

साहेब परत वर गेले. मी त्या शिशाच्या अंधारात बसून ऐकत होतो. ज्याच्या डबीवर कोणीतरी ‘डागी’ लिहिले होते, त्याला एकही नवा डाग पडू नये म्हणून खाणीतली माणसे आपली वाटी वर ठेवून येत होती. असा मान माझ्या कुठल्या नितळ भावंडाला मिळाला असेल, असे मला वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याजवळही एखादी खोट असलेली वस्तू असेल, किंवा तुमच्यातच एखादी खोट असेल. ती खणात टाकू नका आणि घाईने पुसूही नका. आधी ती नीट बघा, किती आहे ते मोजा, कुठे आहे ते लिहून ठेवा. आणि ज्याला जपायचे आहे, त्याला कशापासून जपायचे ते सोबतच्या माणसांना सांगा. न सांगता कोणाला कळणार?

वीस मार्चला पेटी उघडली. डॉक्टरबाई बारिलोचेहून आल्या होत्या. फानोकाका टोपी हातात धरून सूक्ष्मदर्शकाच्या खोलीच्या दारात उभा राहिला, आत यायला तयार होईना. आयलेनने दिवा मंद केला, माझ्यावर निळा प्रकाश सोडला आणि मोजायला सुरुवात केली. तिसरी मोजणी संपल्यावर तिने वहीत लिहिले:

नव्वद दिवस. आधी ४५८. नंतर ४६०.