दुसरं अडॅप्टर

सोनेरी दातांची एक ओळ, हिरवी पाटी, कोपऱ्यात नखाएवढं पांढरं स्टिकर, त्यावर बारीक नंबर, आणि नंबरावर चिकटलेला जरीचा तुकडा, जो सुमैरानं कितीदा फुंकला तरी निघेना... राहू दे. अब्बांच्या एम्ब्रॉयडरीच्या दुकानातल्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या पोटातून काढलेलं नेटवर्क कार्ड तळहातावर घेऊन ती बसली होती आणि तिला वाटत होतं, एवढंच? एवढ्याशा नंबरावर अडलंय सगळं?

अडलंच होतं. कारण एम्ब्रॉयडरीचं ते सॉफ्टवेअर म्हातारं आणि हेकट. या कार्डाचा नंबर दिसला तरच तोंड उघडणार. कॉम्प्युटर थंडीपासून कुणी लावलाच नव्हता, आणि परवा लावायला गेले तर तो गेलेलाच. डिस्क तेवढी जिवंत. मग सांगलीहून हिला बोलावलं, कॉलेजात हेच शिकते म्हणून, आणि हिनं त्या डिस्कची अख्खी नक्कल नव्या कॉम्प्युटरात घातली — व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, खिडकीतून बघितल्यासारखा. ती खिडकी उघडली तर जुना फोटो आला... वाईचा घाट, कृष्णेत उडी मारणारा कुणीतरी, पाय तेवढे दिसणारे. भाईचे पाय. फोटो मीच काढलेला, डोकं पाण्यात गेल्यावर बटण दाबलेलं, आणि तो एवढा हसला होता मला, की हाच लावणार म्हणाला, कायमचा—

घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. ठरवून नाही काही. अम्मी 'तो' म्हणते, आणि अब्बा तर तेवढंही नाही, अब्बा 'तवा' म्हणतात. तवा दुकानात गर्दी असायची. तवा मशीन असं अडायचं न्हाई. थंडीत खंबाटकी घाटात भाई गेला तेव्हापासून हे 'तवा' सुरू झालं, आणि सांगलीहून सुट्टीला आलं की सुमैराला त्याचाच राग यायचा, की अरे, माणूस होता तो, त्याला नाव होतं! पण तीही घ्यायची नाही.

"आवं जाफरभाई," स्टुलावरून धोंडुबाई म्हणाल्या, "एक बाही मोराची आन् एक बोडकी, अशी नवरी उभी करू व्हय मी मांडवात?"

अब्बा कातरीनं शाळेच्या बिल्ल्यांचे धागे छाटत होते. वर न बघता म्हणाले, "फोटुवाल्याला सांगा, उजव्या अंगानंच काढ म्हनून."

"लय वाईट बगा तुमी!"

दोघं हसले, आणि मग दोघांनीही टेबलावरच्या ब्लाउजाकडं बघितलं. कारण उजव्या बाहीवरचा मोर भाईनं केलेला होता. डावीला मोरपंखी दोरा संपला म्हणून तो गाडीवर पुण्याला गेला आणि येताना घाटात... दोऱ्याची पिशवी पोलिसांनी आणून दिली. अब्बांनी ती न उघडता वरच्या फळीवर ठेवली. धोंडुबाई रस्त्यात कितीदा भेटल्या, पण ब्लाउजाचं कधी बोलल्या नाहीत, आपल्या नातीचंच काम असून. आता लग्नच दारात आलं म्हणून आल्या, बिचाऱ्या, तेही संकोचत. आणि तो मोर दुसरीकडं कुठंच नाही, फक्त या खिडकीच्या आत.

नेटवर्क. अडॅप्टर एक, म्हणजे आतल्या कॉम्प्युटरचं कार्ड. सुमैरानं आधी नॅट ठेवलं, म्हणजे आतला कॉम्प्युटर बाहेरच्याच्या आडोशाला बसणार, बाहेर कुणाला दिसणार नाही. स्टिकरवरचा नंबर टाकला, एकेक अक्षर, जीव मुठीत धरून. सॉफ्टवेअर उघडलं! मोर आला! ती जवळजवळ ओरडलीच. पण एम्ब्रॉयडरी मशीन डिझाइन मागतच राहिलं, मागतच राहिलं... आडोशाला बसलेला त्याला दिसेना. मग ब्रिज. म्हणजे आतला कॉम्प्युटर राऊटरसमोर स्वतःच्या नंबरानं उभा राहणार, घरातल्या माणसासारखा. सोपं होतं. घाईत तिनं पुढचं काही मनात आणलंच नाही. क्लिक केलं.

ड्रॉवरमधून एक बाई बोलली —

"अफताब जोडला गेला आहे."

अब्बांचा फोन. अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा भाईनंच तो बोलका करून दिलेला, राऊटरवर कोण आलं-गेलं तेसुद्धा सांगणारा, आणि स्वतःच्या कॉम्प्युटरच्या नंबराला स्वतःचं नाव देऊन ठेवलेलं. सुमैराला हे माहीत होतं. माहीत होतं आणि तरी...

आणि अब्बा — कातर चालूच होती त्यांची, मान खाली, हात रोजच्यासारखे — अब्बा म्हणाले,

"उजाडलं व्हय लाटसाहेबांचं?"

रोज सकाळी म्हणायचे तसं. भाई उशिरा उठून यायचा, कॉम्प्युटर लावायचा, फोन बोलायचा, आणि अब्बा हे म्हणायचे. तोंडानं ते आपलं आपण म्हटलं. मग कातर थांबली.

धोंडुबाईंनी पदर तोंडाला लावला. मशीनवर हिरवा दिवा लागला होता, डिझाइन मिळालं होतं. सुमैराला वाटलं आता अब्बा उठून बाहेर जातील. ते उठले, स्टूल ओढलं, फळीवरची पिशवी काढली. गाठ सुटेना तेव्हा दातानं सोडली. मोरपंखी दोरा मशीनला ओवायला त्यांना खूप वेळ लागला, आणि मी ओवते म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मशीन तासभर धडधडत होतं. धोंडुबाईंनी ब्लाउज दारात उन्हात नेला, दोन्ही बाह्या शेजारी धरल्या, उलटसुलट बघितल्या.

"त्योच रंग हाय की वो," एवढंच म्हणाल्या.

दुपारभर सुमैराच्या डोक्यात एकच — हे नीट करता येतं. अगदी सोपं आहे. जुना नंबर अडॅप्टर एकवर, नॅटमध्ये, सॉफ्टवेअरपुरता आतल्या आत. आणि दुसरं अडॅप्टर लावायचं, ब्रिजवर, नवा कोरा नंबर देऊन. मशीनला डिझाइन मिळेल, राऊटरला कुणीतरी परका दिसेल, फोन नाव घेणार नाही. तिनं दुसऱ्या अडॅप्टरचं पान उघडूनही ठेवलं. एक टिक करायची फक्त. उद्या सकाळच्या एसटीनं ती सांगलीला जाणार, आणि मग अब्बा एकटेच रोज... नाव ऐकून रोज त्यांची कातर थांबणार? की नाव नाही आलं म्हणून?

"सुमे," संध्याकाळी अब्बा म्हणाले, "उद्यापासनं हे मीच लावायचं न्हवं?"

"व्हय अब्बा."

"आन् लावलं की बोलंल?"

"बोलंल. पन... मी ते बंद करू शकते, अब्बा. दुसरं अडॅप्टर लावलं की—"

"तसं न्हाई इचारलं मी."

अजान झाली. अब्बांनी टोपी घातली, फोन नेहमीसारखा ड्रॉवरमध्ये टाकला आणि मशिदीकडं गेले. त्यांची पाठ कोपऱ्यावर वळेपर्यंत सुमैरा बघत राहिली, आणि एकदम तिच्या लक्षात आलं, की भाई दुकान बंद करायचा तेही याच वेळी, अब्बा नमाजला गेल्यावर. अब्बांनी त्याचं येणंच ऐकलंय फक्त. रोज. जाणं त्यांनी कधी ऐकलंच नाही. ते रिकाम्या दुकानात, बंद ड्रॉवरमध्ये बोललं जायचं.

आज मी आहे इथं.

माउस 'बंद करा'वर. मागं दुसऱ्या अडॅप्टरचं पान अजून उघडं, चौकोन रिकामा. अब्बा यायच्या आत काहीतरी ठरवायला हवं... तिनं ड्रॉवर थोडा ओढला, फोन दिसेल इतपत. तो बोलेल आता, मी दाबलं की गेला म्हणून बोलेल, आणि त्याच्याआधी, त्या बाईच्या आधी, घरातल्या कुणीतरी बोलायला नको का? पडद्यावर त्याचे पाय होते, पाण्यात शिरणारे.

"अफताबभाई," मी म्हटलं. आवाज केवढा मोठा आला. "रंग जुळला रं."