जेरुशा लमिस कोणाची?

वेनफील्ड गावानं एलिफलेट पेटिंगिलला चिटणीस केलं ते त्याचं अक्षर चांगलं म्हणून. डोकं कसं चालतं ते कुणी विचारलं नाही. एरवी तो जोडे शिवायचा, आणि तेही बरे शिवायचा. १७९५ सालच्या मार्चच्या गावसभेत हात वर झाले, बायबलवर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, आणि जुन्या चिटणिसाच्या विधवेनं गावाच्या चार जाड वह्या पोत्यात घालून त्याच्या दारात आणून टाकल्या. सुटले एकदाची, असं म्हणाली ती. का म्हणाली ते एलिफलेटला नोव्हेंबरात कळलं.

नोव्हेंबरात जेरुशा आत्या पडली. आत्या म्हणजे अख्ख्या गावाची आत्या. लग्न केलं नव्हतं, बापाच्या एका खोलीच्या घरात एकटीच राहायची. कुणाचं बाळंतपण असो की कुणाच्या प्रेताला अंघोळ घालायची असो, बोलावणं तिलाच. तळघराच्या पायरीवरून घसरली आणि खुबा मोडला. आता कूस बदलायलाही माणूस लागत होतं. पंचांनी तिला तात्पुरतं एलिफलेटच्या घरी ठेवलं आणि त्याच्या बायकोनं, लोईसनं, स्वयंपाकघरात चुलीजवळ तिची खाट टाकली.

पण तात्पुरतं म्हणजे तात्पुरतंच. निराधार माणसाला ज्याच्या त्याच्या गावानं सांभाळायचं असा मॅसॅच्युसेट्सचा कायदा. आणि बाईचं गाव म्हणजे नवऱ्याचं, नवरा नसेल तर बापाचं, आणि बापाचा पत्ताच नसेल तर आईचं. परगावचं माणूस आपल्या गळ्यात पडू नये म्हणून सगळ्या गावांचे पंच डोळ्यांत तेल घालून बसलेले. नवखं कुणी येऊन चार दिवस टिकलं की शिपाई दारात जाऊन 'गाव सोडा' म्हणून नोटीस वाचायचा. तान्ह्या पोराच्या आईलासुद्धा सोडायचा नाही. तेव्हा थोरले पंच आणि चर्चचे कारभारी डीकन वॉडली यांनी एलिफलेटला बोलावून सांगितलं, शुबेल लमिस आपल्या गावचा होता हे कबूल, पण म्हातारी त्याची मुलगी आहे हे मला वहीत दाखव. सोमवारच्या आत.

घरी येऊन एलिफलेटनं हे सांगितलं तेव्हा लोईस भडकली. सत्तरीला आलेल्या बाईला आता विचारताय होय, तू कोणाची म्हणून? आत्या मात्र चिडली नाही. घाबरली.

"मला इथंच ठेव रे, एली," ती म्हणाली. "परगावी मेले तर कुणाच्या शेजारी पुरतील कोण जाणे. इथं निदान माझी माणसं आहेत मातीत."

वहीत ती पहिल्या झटक्याला सापडली. शुबेल लमिस आणि त्याची बायको केझाया यांची मुलगी जेरुशा, जन्म ऑगस्ट १७२०. एलिफलेटचा जीव भांड्यात पडला. पण शहाणा माणूस तिथंच वही मिटतो, यानं पान उलटलं. शुबेल आणि केझाया यांची मुलगी जेरुशा, घशाच्या साथीत मरण पावली, ऑक्टोबर १७२३. त्यानं मान वर करून चुलीकडं पाहिलं. मेलेली जेरुशा खाटेवर पडल्यापडल्या लोईसला, घेवड्यात मीठ जास्त झालंय, असं ऐकवत होती.

यात घोटाळा काहीच नव्हता, हे लोईसनं त्याला समजावलं. पोर गेलं की मागून येणाऱ्याला त्याचंच नाव द्यायचं, ही रीत घरोघरी होती. एलिफलेट स्वतः तरी कोण? त्याच्याआधी एक एलिफलेट दीड वर्षाचा होऊन गेला होता. तेव्हा आत्या ही दुसरी जेरुशा. ठीक. मग तिचा जन्म कुठं लिहिलाय? कुठंच नाही. त्यानं चारही वह्या दोनदा चाळल्या, पाठीला रग लागली, डोकं भणभणलं, पण दुसरी जेरुशा जन्मलीच नव्हती.

आत्याला विचारलं तर ती हसायलाच लागली. तिच्या बापाचं आणि तेव्हाच्या चिटणिसाचं एका डुकरावरून वाजलं होतं. डुक्कर चिटणिसाचं, मका बापाचा. त्या माणसाच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही म्हणून बापानं जी शपथ घेतली ती शेवटपर्यंत पाळली, त्यामुळं तिचा जन्म लिहिला गेला नाही आणि भावाचाही नाही. आणि बाप्तिस्म्याचे कागद पाद्र्याच्या घराबरोबर जळालेले. "आमच्या बायबलात बघ," ती म्हणाली. "बाबा त्यात लिहायचे. मला मेलं आता काही दिसत नाही."

एलिफलेट तिच्या घरी जाऊन पेटीतून बायबल घेऊन आला. पहिल्या कोऱ्या पानावर शुबेलच्या वेड्यावाकड्या अक्षरात चार ओळी होत्या. पहिल्या दोन त्या गेलेल्या जेरुशाच्या. तिसरी, ओबेड, २ एप्रिल १७२५. चौथी, जेरुशा, १० मार्च १७२५.

ओबेड म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. फ्रेंचांशी लढायला गेला आणि तिकडंच तापानं वारला. आत्या त्याचं नाव काढी तेव्हा थोरला असंच म्हणे. एलिफलेटनं बोटांवर मोजून पाहिलं. मार्च आधी, एप्रिल नंतर. म्हणजे थोरला धाकटा झाला. बरं, तेही चालवून घेऊ, म्हातारी विसरली असेल. पण दहा मार्चला एक मूल आणि दोन एप्रिलला दुसरं? एकाच आईला? त्यानं दबक्या आवाजात लोईसला विचारलं, जुळ्यांमध्ये तेवीस दिवसांचं अंतर पडू शकतं का. लोईसनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही जोडेच शिवा," ती म्हणाली.

जोडेच शिवले असते तर बरं झालं असतं. पण शपथ घेतलेला माणूस, त्याला स्वस्थ बसवेना. त्या वर्षी गावात आणखी काही घडलं होतं का ते पाहावं म्हणून त्यानं गाव सोडायच्या नोटिशींची पानं काढली आणि एप्रिल १७२५ च्या पानावर त्याचं बोट थांबलं. मर्सी नावाची बाई, राहणार हार्कवुड, सोबत महिन्याभराचं तान्हं मूल, हिला गाव सोडण्याची नोटीस दिली. बाई गेली. मुलाचं काय झालं ते लिहिलेलं नव्हतं. महिन्याभराचं मूल. म्हणजे मार्चमधलं.

हे सगळं घेऊन तो सरळ डीकन वॉडलींकडं गेला. आता असल्या वेळी कुणी पंचाकडं जातं का? पण त्याला वाटलं, आपल्याला उलगडत नाही, मोठ्या माणसाला उलगडेल. डीकनना ते घटकाभरात उलगडलं. बाईला हाकललं, तिनं जाताना पोर लमिसांच्या दारात ठेवलं. केझाया नुकती बाळंतीण, अंगावर दूध, पहिली पोर गेल्याचं दुःख. तिनं ते उचललं आणि गेलेलीचं नाव दिलं. म्हणून तर बायबलात ते ओबेडच्या खाली आहे. जन्म आधीचा, पण घरात आलं नंतर. सगळं जुळत होतं. इतकं जुळत होतं की एलिफलेटला आणलेली वही उचलून परत न्यावीशी वाटली.

"म्हणजे ती हार्कवुडची," डीकन म्हणाले. "सोमवारी बैलगाडी लावतो. तू त्यांना द्यायचं पत्र लिही, आणि त्या नोटिशीची नक्कल जोड."

तो बुधवार होता. घरी येऊन त्यानं आत्याला कसं सांगितलं ते त्याचं त्यालाच आठवेना. दोनदा अडखळला, एकदा उगाच पाणी प्यायला. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे केझाया माझी आई नव्हती?"

"दिसतं तरी तसंच, आत्या."

"नक्की?"

"डीकन म्हणतात नक्की."

ती रडेल, शिव्या देईल, निदान तोंड फिरवेल, अशी त्यानं मनाची तयारी केली होती. तिनं तसलं काहीच केलं नाही. लोईसला म्हणाली, मक्याची पेज आणखी आहे का गं थोडी? आणि वाढलेली सगळी संपवली.

पुढचे तीन दिवस एलिफलेट नुसता चक्रावलेला होता. सोमवारी जिला गाडीत घालून परगावी टाकणार, जिची आई एका कागदानं काढून घेतली, ती म्हातारी खाटेवर पडून स्तोत्रं गुणगुणत होती. खुबा मोडल्यापासून रात्रभर कण्हणारी बाई आता गाढ झोपत होती. गाडीत पेंढा जास्त घाला म्हणून सांगत होती. लोईस म्हणे, धक्क्यानं डोकं फिरलंय बिचारीचं. एलिफलेटला तसं वाटत नव्हतं, पण मग कसं वाटत होतं तेही सांगता येत नव्हतं. चूक आपल्या हातून झालीय एवढंच त्याला आतून वाटत राहिलं. ती कोणती, ते काही केल्या सापडेना.

शनिवार दुपार आली. सूर्य मावळला की प्रभूचा दिवस, म्हणजे रविवार, सुरू, मग लेखणीला हात लावायचा नाही, म्हणून तो घाईनं नोटिशीची नक्कल करायला बसला. जुनी वही उघडली. नोटीस उतरवून झाली, शाई वाळेपर्यंत तो त्याच वर्षाची पुढची पानं उगाच उलटत बसला. नोव्हेंबर १७२५. डिसेंबर १७२५. त्याच्याखाली जानेवारी १७२५. फेब्रुवारी १७२५. कुणाची तरी गाय हरवली, मार्चची वीस तारीख, १७२५. त्याच्याखाली कुंपणाचं भांडण, मार्चची सव्वीस, १७२६.

जुना चिटणीस पीत असावा, असं पहिल्यांदा त्याच्या मनात आलं. त्यानं आधीचं वर्ष काढून पाहिलं. तिथंही तसंच, मार्चच्या शेवटी आकडा बदललेला. त्याच्याही आधीचं वर्ष, तेही तसंच. आणि मग त्याला त्याच्या आजोबांची जुनी कुरकूर आठवली. इंग्लंडच्या राजाच्या राज्यात वर्ष जानेवारीत बदलायचंच नाही, पंचवीस मार्चला बदलायचं. मग पार्लमेंटनं कायदा केला आणि ते बदललं, एलिफलेट जन्माला यायच्या चौदा वर्षं आधी.

म्हणजे २ एप्रिल ही त्या वर्षाची सुरुवात होती आणि १० मार्च हा शेवट. ओबेड आधी, आत्या त्याच्यानंतर अकरा महिन्यांनी. थोरला तो थोरलाच. शुबेलनं ओळी जशा घडल्या तशाच लिहिल्या होत्या. आणि हार्कवुडची ती मर्सी आपलं लेकरू कडेवर घेऊन गेली तेव्हा आत्या जन्मायला जवळजवळ वर्ष बाकी होतं.

एलिफलेट टोपी न घालताच पळत सुटला. डीकन सफरचंदाच्या घाण्यावर होते. त्यांना पटायला वेळ लागला. त्यांनी वही उलटी धरली, सुलटी धरली, बोटांवर मोजलं, मग कपाळावर हात मारला. वर्ष बदललं तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. त्याच कायद्यानं सप्टेंबरातले अकरा दिवस कापले म्हणून घरात झालेली रडारड त्यांना आठवत होती, पण हे मार्चचं साफ विसरून गेले होते. गाडी येणार नाही, म्हणाले. म्हातारी आपलीच. तोंड आंबट झालं त्यांचं, पण म्हणाले.

परत येताना एलिफलेटचे पाय जमिनीवर नव्हते. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला आपण खरोखरीचे चिटणीस आहोत असं वाटलं. घरात शिरल्याशिरल्या त्यानं खाटेजवळ गुडघे टेकले, वही उघडली, आणि डोळे अधू झालेल्या म्हातारीला एकेक तारीख बोट ठेवून दाखवली. सोमवारी कुठं जायचं नाही. कुणी हलवणार नाही. तू शुबेलची आणि केझायाची, पोटची, सख्खी.

लोईस एप्रनआड तोंड लपवून रडायलाच लागली. आत्याचा चेहरा असा उतरला की एलिफलेटला वाटलं, तिला भलतंच काही ऐकू आलं असेल. त्यानं पुन्हा सांगितलं.

"ऐकलं रे," ती म्हणाली. "नक्की का?"

"नक्की. आता अगदी नक्की."

"तिनं मला कधी जवळ घेतलं नाही, एली." ती आढ्याकडं बघून बोलत होती. "ओबेडला घ्यायची. मला 'ए पोरी' म्हणायची. जेरुशा म्हणून हाक ऐकली ती फक्त रविवारी, दफनभूमीत. त्या गेलेलीच्या लहानग्या दगडाजवळ बसून म्हणायची, जेरुशा, जेरुशा, आणि मी शेजारी उभी. मी एकदा 'ओ' दिली, तर तिनं असं पाहिलं माझ्याकडं. मी सहा वर्षांची होते. जन्मभर विचार केला की माझं काय चुकलं. आणि बुधवारी तू म्हणालास की मी तिची नव्हतेच. मला वाटलं, अगं बाई, असं होतं होय. परक्याचं पोर. तरी जेवू घातलं, वाढवलं, आपल्या लेकीचं नाव दिलं, आणखी काय करायचं होतं तिनं? तीन दिवस मी तिला माफ करून टाकलं होतं."

चुलीत लाकूड सरकलं. लोईसनं उठून ते नीट केलं आणि परत येऊन उभी राहिली.

"इथं राहायला मिळालं, उपकार झाले तुझे," आत्या म्हणाली. "पण मग सख्खी असून तिनं मला का नाही घेतलं रे जवळ? बघ ना त्या वहीत. काही लिहिलंय का."

एलिफलेटनं बायकोकडं पाहिलं, म्हातारीकडं पाहिलं. मग त्यानं वही पुन्हा पहिल्या पानापासून उघडली आणि ओळ न् ओळ बोट फिरवत खरोखरच शोधायला लागला.