मॅटखालची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. खिडकीला लावतात तसली नाजूक नव्हे, पार्ल्यातल्या एका गल्लीत रस्त्याकडेला बसवलेली, चांगली ओतीव लोखंडाची. रस्त्यावरचं पाणी खालच्या गटारात सोडायचं आणि कचरा वरच अडवायचा, हे माझं काम. काम मानाचं नाही, पण पावसाळ्यात माझ्यावाचून कोणाचं चालत नव्हतं.

भट्टीतून निघाले तेव्हा मी काळीकुळकुळीत होते. मला सोसायटीच्या फाटकापाशी बसवलं. समोर चाळ, आणि चाळीत प्रेमाच्या सासऱ्यांची पिठाची गिरणी. तेव्हा गिरणीत जायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. पाऊस कोसळू लागला की सोसायटीतल्या कुंदाताई छत्रीच्या टोकाने माझ्यावरची पानं आणि पिशव्या बाजूला सारत. "घे गं बाई, मोकळी हो," असं म्हणत. मला ते फार आवडायचं.

पुढे दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला. जुना कोणी खरवडला नाही. रस्ता वर आला, त्याबरोबर मलाही वर बसवलं, आणि गिरणी खाली गेली. चढायच्या पायऱ्या गाडल्या जाऊन उतरायची एक पायरी करावी लागली. गिरणी आता प्रेमा चालवत होती.

मग एका उन्हाळ्यात सोसायटीत वासाची तक्रार झाली. झुरळंही माझ्यातूनच येतात, असं एकमताने ठरलं. कुंदाताईंचे यजमान श्यामकांत हे सेक्रेटरी. त्यांनी लिफ्टमधली जुनी रबरी मॅट माझ्यावर अंथरली. "पावसाआधी काढू," म्हणाले. काढली कोणीच नाही. मॅटवर माती बसली, मातीवर स्कूटर उभ्या राहिल्या, आणि मी आहे हेच लोक विसरले. त्या पावसाळ्यात फाटकासमोर गुडघाभर पाणी साचलं, गिरणीतही शिरलं आणि मी खाली नुसती पडून होते. इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

यंदा मे महिन्यात गल्ली काँक्रीटची करायची ठरली. आखणीसाठी पालिकेच्या इंजिनीअर अनुपमा मॅडम आल्या.

श्यामकांत म्हणाले, "मॅडम, रस्ता फूटभर उंच घ्या. फाटकासमोरचं पाणी कायमचं जाईल."

"जाईल कुठे?" मॅडमनी विचारलं.

"माझ्याकडे, अजून कुठे?" प्रेमा गिरणीच्या दारातून म्हणाली. "काका, मी आधीच एक पायरी खाली आहे. अजून फूटभर चढवलात ना, तर पहिल्याच पावसात मोटर जळेल. मग माझ्या घराची वाटच लागली."

"प्रेमाताई, आमच्याही गाड्या बुडतात ना."

कोणी कोणाचं ऐकेना.

पावसाळ्याआधी धुतात तशी सोसायटीची टाकी त्याच सकाळी धुतली जात होती. तळाचं पाणी पंपाने रस्त्यावर सोडलं. ते सवयीने माझ्याकडे आलं, मॅटवर साचलं, आणि रस्ता ओलांडून सरळ गिरणीत उतरलं. तिथे दळणाच्या कापडी पिशव्या जमिनीवर रांगेने ठेवलेल्या होत्या. प्रेमाने मोटर बंद केली आणि एक ठिबकणारी पिशवी घेऊन बाहेर आली.

"काका, हे तुमच्याच घरचे गहू."

कुंदाताई फाटकात उभ्या होत्या. त्या पाण्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अहो, इथे जाळी होती. आपणच मॅट टाकली होती."

श्यामकांतांनी स्कूटर हलवली, पँट दुमडली आणि चिखलात हात घालून मॅट ओढली. केवढं पाणी माझ्यातून खाली गेलं म्हणून सांगू! मला रडूच आलं, पण तेवढ्या पाण्यात ते कोणाला कळणार.

"मॅडम, रस्ता उंच नको," श्यामकांत हळूच म्हणाले.

"मोठ्या पावसाला ही एकटी पुरणारही नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी डांबराचे थर आधी खरवडायचे, रस्त्याला गटाराकडे उतार द्यायचा आणि गटाराची तोंडं रुंद करून मोठ्या जाळ्या बसवायच्या, अशी आखणी केली. काम तसंच झालं. माझी जागा नव्या जाळीने घेतली आणि मी भंगाराच्या ढिगावर गेले. तेव्हा प्रेमाने मुकादमाला सांगितलं, "ती मला द्या. पिशव्या ठेवायला होईल."

आता मी गिरणीत दोन विटांवर आडवी असते. लोकांचे गहू, ज्वारी माझ्यावर कोरडे राहतात. परवा मुसळधार पाऊस झाला. प्रेमाने सवयीने मोटर बंद केली आणि पायरीकडे बघत उभी राहिली. पाणी आलं, उताराने वळलं आणि नव्या जाळीत गेलं. पायरी नुसती भिजली. तिने मोटर पुन्हा सुरू केली, तेव्हा बाहेरून कुंदाताईंचा आवाज आला, "घे गं बाई, मोकळी हो." त्या नव्या जाळीशी बोलत होत्या. मला जरा हेवा वाटला, पण बरंही वाटलं.

मित्रांनो, तुमच्याही फाटकापाशी माझी एखादी बहीण असेल. तिला वास येईल, ती छान दिसणार नाही. तरी तिच्यावर काही अंथरण्याआधी, रस्ता उंच करा असं म्हणण्याआधी, समोरच्या दाराकडे एकदा बघा आणि स्वतःला विचारा, पाणी जाईल कुठे?