रंगावर बसवलेली वायर

मित्रांनो, मी एक जुनी अर्थिंगची वायर आहे. माझी साल हिरवी-पिवळी असून आत तांब्याच्या बारीक तारा आहेत. बाकीच्या वायरी मोटर फिरवतात. मी काही फिरवत नाही. मोटरच्या अंगावर आलेली वीज माणसाच्या हातात जाऊ न देता जमिनीत नेणे, एवढेच माझे काम. ते सांगण्यासारखे आहे की नाही, मला ठाऊक नाही.

मी कागदाच्या गिरणीत आले. तिथे लगदा ढवळणारी एक मोटर रबरी पायांवर बसवलेली होती. तिचा वेग कमीजास्त करायला भिंतीवर ड्राइव्ह लावला होता. ड्राइव्ह असला की मोटरच्या अंगावर थोडी वीज सतत झिरपते. ती मी वर्षानुवर्षे नेली. "ही जाड वायर घेतली ते बरं झालं," असे वायरमन एकदा म्हणाला होता. कौतुक म्हणावे तर तेवढेच.

ती मोटर त्या वायरमनच्या सासूबाई चालवत. रोज सकाळी त्या मोटरवर तळहात ठेवून ती किती तापली आहे ते पाहत.

पुढे मोटरला नवा रंग द्यायचे ठरले. मला सोडवले, मोटर निळी केली, बोल्टच्या भोकातही रंग गेला. वायरमनने मला त्या रंगावरच घट्ट आवळले. दिसायला मी जोडलेली होते, पण माझ्यात आणि मोटरमध्ये रंगाचा थर होता. माझ्यातून काही जाईना. मला वाईटही वाटले नाही. काहीच वाटले नाही.

चार दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मोटर चावते हो हाताला."

"दात कुठे दिसले, आई?" तो हसला. तरी मीटर आणून त्याने माझी दोन्ही टोके तपासली. "वायर ठणठणीत आहे. तुमच्या हाताचं वय झालंय."

"झालं असेल. पण वय असं चावत नाही."

वायर खरोखरच ठणठणीत होती. मोटरच्या अंगाला मात्र त्याने मीटर लावले नाही.

आठवड्याने मोटरच्या आतल्या तारांवरची साल जळली आणि सगळी वीज तिच्या अंगावर आली. सासूबाईंनी तळहात ठेवला आणि तो चिकटला. कुणीतरी मेन स्विच बंद केला. त्या खाली कोसळल्या. मी वीतभर अंतरावर होते आणि माझ्यातून काहीही गेले नाही.

त्या वाचल्या. मोटर दुरुस्त होऊन आली, तेव्हा वायरमनने माझ्या टोकाखालचा रंग कानशीने घासला. लोखंड चकाकेपर्यंत घासतच राहिला.

दोन महिन्यांनी सासूबाई कामावर आल्या. त्यांनी मोटरवर हात ठेवला.

"आता चावत नाही," त्या म्हणाल्या. मग हात तसाच ठेवून, "पण तापलीय की गार आहे, तेही हाताला कळत नाही हो."

वायरमनने शेजारी आपला हात ठेवला. "कोमट आहे, आई."

तेव्हापासून तो रोज सकाळी येतो, मोटरला हात लावतो आणि त्यांना सांगतो.

मित्रांनो, मला जोडाल तेव्हा आधी रंग खरवडा. नुसती वायर तपासू नका, मोटरच्या अंगापर्यंत तपासा. आणि मोटर चावते असे कुणी म्हणाले, तर हसण्याआधी ती बंद करा.